श्रीनिवास शास्त्री आणि इंग्रजीतील पूर्ण भविष्यकाळ

परकीय भाषा शिकताना शब्दांपेक्षा काळ अधिक अडवितात. शब्द कोशात सापडतो, पण क्रियापदाच्या काळामागे त्या भाषेची वेळेकडे पाहण्याची जी रीत असते ती कोशात सापडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, पुणे, कुंभकोणम् व मद्रास येथील शाळांमधून इंग्रजी शिकलेल्या पिढीने ही अडचण अनुभवली आणि तिच्यावर मातही केली. या पिढीत इंग्रजीवरील प्रभुत्वामुळे जगभर नाव झालेले गृहस्थ म्हणजे वलंगैमान शंकरनारायण श्रीनिवास शास्त्री होत. मद्रास ही त्यांची कर्मभूमी व पुणे ही त्यांची गुरुभूमी. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे उत्तराधिकारी म्हणून मराठी वाचकाला त्यांचे नाव परिचित आहे. परंतु त्यांचे राजकारण आणि त्यांचा भाषाविषयक काटेकोरपणा ही एकाच स्वभावाची दोन अंगे होती, ही गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. प्रस्तुत लेखात इंग्रजीतील पूर्ण भविष्यकाळ ही खूण धरून त्यांच्या चरित्राकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. शास्त्र्यांनी या काळावर काही प्रबंध लिहिला असे सुचवावयाचे नाही. मात्र त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातील मुख्य प्रश्न या काळाच्या रचनेत जितका स्पष्ट दिसतो, तितका तो अन्यत्र दिसत नाही.

प्रथम या काळाचे स्वरूप पाहू. एखादी क्रिया भविष्यातील एका ठराविक क्षणापूर्वी पुरी झालेली असेल, एवढे सांगण्यासाठी इंग्रजीत हा काळ वापरतात. क्रियापदाच्या भूतकालवाचक धातुसाधितापूर्वी 'विल हॅव' अथवा 'शॅल हॅव' ही साहाय्यक क्रियापदे येतात. शुद्ध भविष्याच्या अर्थी प्रथम पुरुषी 'शॅल' आणि द्वितीय व तृतीय पुरुषी 'विल' असा भेद त्या काळची शालेय व्याकरणे कटाक्षाने शिकवीत. परंतु या काळाचा प्राण साहाय्यक क्रियापदात नसून मर्यादेत आहे. अमुक दिवसापर्यंत, अमुक घटना घडण्यापूर्वी, अशी सीमा वाक्यात किंवा संदर्भात असल्याखेरीज हा काळ उभा राहत नाही. साधा भविष्यकाळ नुसते वचन देऊ शकतो. पूर्ण भविष्यकाळाला मुदत द्यावी लागते.

आपल्या भाषांची गोष्ट निराळी आहे. मराठीत 'गाडी सुटली असेल' असे म्हटले की ऐकणारा ते अनुमान समजतो. बोलणाऱ्याने गाडी पाहिलेली नाही, तो तर्क करीत आहे. 'उद्या आपण स्टेशनवर पोचू तोवर गाडी सुटलेली असेल' असे मर्यादा घालून बोलले म्हणजे त्याच रूपाला पूर्ण भविष्याचा अर्थ येतो. तमिळमध्येही हाच प्रकार आढळतो. 'पोयिरुप्पान्' या रूपाचा अर्थ तो गेला असेल असा होतो, आणि संदर्भ नसेल तर त्यातही अनुमानच प्रथम ध्यानात येते. इंग्रजीतील हे रूपही कधीकधी अनुमानासाठी वापरले जाते, पण तेथे तो त्याचा गौण उपयोग ठरतो. संस्कृतात तर या अर्थाचा स्वतंत्र लकार नाही. लृट् व लुट् हे दोन्ही लकार भविष्याचे असले तरी भविष्यातील पूर्णता सांगण्याचे काम त्यांच्याकडे नाही. ते कृदन्त व साहाय्यक क्रियापद जोडून साधावे लागते. घरात संस्कृत आणि तमिळ ऐकत वाढलेल्या मुलाला इंग्रजीतील हा काळ शिकणे म्हणजे अनुमान आणि वचन यांतील रेषा नव्याने आखणे होय.

असाच एक मुलगा २२ सप्टेंबर १८६९ रोजी तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम्‌जवळच्या वलंगैमान या गावी जन्मला. महात्मा गांधींचा जन्म त्यानंतर दहा दिवसांनी झाला. पुढे दोघांत मतभेदांसह जो जिव्हाळा निर्माण झाला त्यात गांधीजी शास्त्र्यांना वडील बंधूचा मान देत, त्याला या दहा दिवसांचाही आधार होता. शास्त्र्यांचे वडील वैदिक वृत्तीचे पुरोहित असून घरची परिस्थिती गरिबीची होती. तंजावर हा प्रदेश १८५५ पर्यंत भोसले घराण्याच्या नावाशी जोडलेला होता. मराठी भाषा, मोडी लिपीतील दप्तरे आणि सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह यांची छाया त्या भागावर दीर्घकाळ होती. त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव हे कुंभकोणम् येथेच १८२८ साली जन्मलेले मराठी भाषक होते. इंग्रजी विद्येच्या बळावर वैदिकाचा किंवा कारकुनाचा मुलगा राज्यकारभारापर्यंत पोचू शकतो, याचे उदाहरण त्या परिसरातील मुलांना दूर शोधावे लागत नसे.

शास्त्र्यांचे शिक्षण कुंभकोणम् येथील शाळेत व सरकारी महाविद्यालयात झाले. संस्कृत व इंग्रजी या दोन्ही विषयांत त्यांनी प्रावीण्य मिळविले. पदवी घेतल्यावर त्यांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. सेलम येथील म्युनिसिपल कॉलेजात काही काळ अध्यापन केल्यावर ते मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातील हिंदू हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. ट्रिप्लिकेन म्हणजे तमिळमधील तिरुवल्लिक्केणी, पार्थसारथीच्या मंदिराभोवती वसलेली जुनी वस्ती. तेथील बिग स्ट्रीटवरील ही शाळा शहरातील नामांकित शाळांपैकी एक होती. मुख्याध्यापक असताना शास्त्री शाळेच्या भिंतींपुरते राहिले नाहीत. शिक्षकांच्या संघटनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या ट्रिप्लिकेन नागरी सहकारी संस्थेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. देशातील अगदी आरंभीच्या ग्राहक सहकारी संस्थांपैकी ती एक आहे.

त्या काळी इंग्रजी व्याकरण हा शाळेतील विषयांचा राजा होता. जे. सी. नेसफील्ड यांची व्याकरणाची पुस्तके १८९० नंतर हिंदुस्थानभर पसरली. वर्तमान, भूत व भविष्य या तीन काळांचे प्रत्येकी चार प्रकार करून बारा घरांचा जो तक्ता विद्यार्थी पाठ करीत, त्यात पूर्ण भविष्यकाळाचे घर सर्वांत कमी वापराचे आणि म्हणूनच परीक्षकांच्या विशेष आवडीचे असे. मराठी मुलुखात याआधीच दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठी व्याकरण रचताना इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवला होता. त्यामुळे इंग्रजी काळांना मराठी नावे देण्याची प्रथा रूढ झाली, आणि पुढे मोरो केशव दामले यांनी १९११ च्या आपल्या शास्त्रीय व्याकरणात या साच्याची चिकित्सा केली. मद्रासकडे तमिळ व्याकरणाची स्वतःची प्राचीन परंपरा बलवान असल्याने दोन व्याकरणे शेजारी शेजारी नांदत होती. शास्त्र्यांविषयी अशी आठवण सांगितली जाते की नेसफील्डच्या व्याकरणातील चुकाही त्यांनी दाखवून दिल्या. राज्यकर्त्यांची भाषा शिकून ती त्यांच्याइतकीच, किंबहुना त्यांच्याहून काटेकोर लिहावयाची, हा त्या पिढीचा एक अबोल प्रतिकारच होता. मराठीत इंग्रजी विद्येला वाघिणीच्या दुधाची उपमा मिळाली. मद्रासकडील शिक्षकाने मात्र ती भाषा सोनाराच्या तराजूसारखी वापरली. गुंजभर कमी नाही, गुंजभर अधिक नाही.

या शिक्षकाच्या आयुष्याला वळण मिळाले ते पुण्यामुळे. १२ जून १९०५ रोजी गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. तिचे उद्देशपत्र वाचून शास्त्री आकृष्ट झाले. १९०६ मध्ये दोघांची भेट झाली आणि १९०७ च्या आरंभी शास्त्री समाजाचे सदस्य झाले. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, प्रतिष्ठेची नोकरी सोडून, त्यांनी अल्प वेतनावर आजीवन देशसेवेची शपथ घेतली. नव्या सदस्याने पाच वर्षे उमेदवारी करावी, त्यातील काही काळ पुण्याच्या वास्तूत ग्रंथ व सरकारी अहवाल यांच्या अभ्यासात घालवावा आणि काही काळ देशात हिंडावे, असा समाजाचा दंडक होता. स्वतः गोखले शिक्षकच होते. त्यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक सिद्ध केले होते, फर्गसन महाविद्यालयात अध्यापन केले होते. आकडा व शब्द दोन्ही तपासल्याशिवाय तोंडातून काढावयाचा नाही, ही त्यांची शिस्त शास्त्र्यांच्या स्वभावाशी तंतोतंत जुळली. साम्राज्यांतर्गत स्वराज्य हे समाजाचे ध्येय होते, आणि ते अनेक वर्षांच्या चिकाटीच्या कार्याशिवाय व त्यागाशिवाय साध्य होणार नाही, हे गोखल्यांनी आरंभीच लिहून ठेवले होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखल्यांचे निधन झाले. पुण्यातील मराठी संस्थापकाच्या जागी समाजाने एका तमिळ सदस्याला अध्यक्ष निवडले. १९१५ ते १९२७ पर्यंत शास्त्री त्या पदावर होते, आणि त्यांच्यामागून गोपाळ कृष्ण देवधर अध्यक्ष झाले. त्याच सुमारास नुकतेच आफ्रिकेतून परतलेले गांधीजी गोखल्यांच्या इच्छेनुसार समाजात येऊ पाहत होते. सदस्यांत मतभेद झाले. गांधींची पद्धत समाजाच्या पद्धतीशी जुळणार नाही, असे शास्त्र्यांसह अनेकांना वाटले. गांधीजींनी आपण होऊन अर्ज मागे घेतला आणि कटुता टळली. शास्त्र्यांच्या या निर्णयाला इतिहासाने कसेही तोलले तरी त्यामागे वैयक्तिक आकस नव्हता, हे पुढील तीस वर्षांच्या स्नेहावरून दिसून येते. १९१८ मध्ये समाजाने पुण्याहून इंग्रजी साप्ताहिक सुरू केले, त्याचे पहिले संपादक शास्त्रीच होते. समाजाचे मराठी कार्य ज्ञानप्रकाशच्या द्वारे चालू होतेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १९१६ मध्ये शास्त्र्यांनी ब्रिटिश निशाणाखाली हिंदुस्थानला स्वराज्य या विषयावर पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी ते मध्यवर्ती कायदेमंडळात आले. २० ऑगस्ट १९१७ रोजी भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्याने अंमलात आणण्याचे धोरण जाहीर केले. या घोषणेत ध्येय होते, मार्ग होता, पण तारीख नव्हती. प्रत्येक टप्पा केव्हा व किती घ्यावयाचा हे ठरविण्याचा अधिकार ब्रिटिश सरकारने स्वतःकडे ठेवला, आणि १९१९ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत तोच अधिकार पार्लमेंटच्या नावे नोंदविला गेला. व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर हा साधा भविष्यकाळ होता. नेमस्तांना त्याचा पूर्ण भविष्यकाळ करून हवा होता. शास्त्र्यांनी सुधारणांचा स्वीकार केला तो या समजुतीने, की दिलेल्या शब्दाला धरून राज्यकर्त्यांना पुढे आणता येईल. त्याच वेळी, फेब्रुवारी १९१९ मध्ये, रौलट विधेयकाविरुद्ध कायदेमंडळात त्यांनी केलेले भाषण हे त्यांच्या वक्तृत्वाचे शिखर मानले जाते. निरपराध माणसाला भीतीत ढकलणारा कायदा अपराध्यांचाही बंदोबस्त करू शकत नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. विधेयकाला त्यांनी कडाडून विरोध केला, मात्र सत्याग्रहाला पाठिंबा दिला नाही. येथून दोन मार्ग वेगळे झाले.

दुसऱ्या मार्गानेही मुदत घातली होती, हे विसरता येणार नाही. १९२० मध्ये गांधीजींनी असहकाराच्या अटी पाळल्यास वर्षभरात स्वराज्य मिळेल असे देशाला सांगितले. १९२१ संपले आणि स्वराज्य आले नाही. एका बाजूला वचन होते पण मुदत नव्हती, दुसऱ्या बाजूला मुदत होती पण ती पाळण्याचे साधन अपुरे होते. नेमस्तांची टिंगल करणे महाराष्ट्रात सोपे गेले, कारण टिळकांच्या केसरीने घडविलेल्या मराठी मनाला हक्काची भाषा परिचित होती, अर्जविनंत्यांची नव्हे. पण शास्त्र्यांची भाषा विनंतीची नव्हती. दिलेल्या शब्दाचा पूर्ण अर्थ मागणारी ती भाषा होती, आणि अशी मागणी करण्यासाठी समोरच्याच्या भाषेतील प्रत्येक शब्दाचे वजन ठाऊक असावे लागते.

१९२१ मध्ये लंडनच्या साम्राज्य परिषदेत शास्त्री हिंदुस्थानचे प्रतिनिधी होते. साम्राज्यातील समान घटक म्हणून हिंदुस्थानचे स्थान आणि वसाहतींमधील हिंदी लोकांवरील निर्बंध यांत विसंगती आहे, हे मान्य करणारा ठराव तेथे संमत झाला. दक्षिण आफ्रिकेने मात्र तो मान्य केला नाही. त्याच वर्षी राष्ट्रसंघाच्या जिनीव्हातील अधिवेशनास व वॉशिंग्टनच्या निःशस्त्रीकरण परिषदेस ते गेले, आणि प्रिव्ही कौन्सिलचे सदस्य झाले. त्यांच्या इंग्रजी वाणीची ख्याती याच काळात पसरली. ब्रिटिश साम्राज्याचा रजतजिव्ह वक्ता हे त्यांना मिळालेले उपनाम आणि बॅलिअल कॉलेजचे प्रमुख ए. एल. स्मिथ यांनी केलेली प्रशंसा यांचा उल्लेख त्यांच्या प्रत्येक चरित्रात येतो. १९२२ मध्ये ठरावाला अनुसरून त्यांनी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा या देशांचा दौरा केला. पुढल्या वर्षी मात्र केनियाच्या प्रश्नावर त्यांचा भ्रमनिरास झाला. जुलै १९२३ च्या श्वेतपत्रिकेने केनियातील हिंदी लोकांची समान मतदारयादीची मागणी फेटाळली व उंच पठारावरील जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवली. दोनच वर्षांपूर्वीच्या ठरावाचा अर्थ कागदापुरता राहिला. या प्रसंगानंतर शास्त्र्यांच्या भाषणांतील स्वर कडक झाला. मात्र वाक्यरचना ढळली नाही, आणि संताप व्यक्त करतानाही त्यांनी अतिशयोक्तीचा आधार घेतला नाही.

दक्षिण आफ्रिकेतील कार्य हे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी पर्व म्हणावे लागेल. १९२६-२७ मधील गोलमेज परिषदेतून केप टाउन करार निघाला. हिंदी लोकांची वस्ती व व्यापार वेगळा पाडू पाहणारे विधेयक मागे घेण्यात आले, आणि जे तेथे राहतील त्यांच्या उन्नतीची जबाबदारी तेथील सरकारने तत्त्वतः मान्य केली. या कराराची अंमलबजावणी व्हावी म्हणून, गांधीजींच्याही आग्रहावरून, शास्त्र्यांनी हिंदुस्थान सरकारचे पहिले एजंट होण्याचे मान्य केले. जून १९२७ पासून जानेवारी १९२९ पर्यंत ते तेथे होते. १९२८ मध्ये क्लर्क्सडॉर्प येथे गोऱ्या दंगेखोरांनी त्यांची सभा उधळली. तरीही त्यांनी गोऱ्या श्रोत्यांसमोर बोलणे थांबविले नाही. हिंदी मुलांना दुय्यम शिक्षणाची सोय नव्हती, म्हणून हिंदी समाजाकडून निधी उभारून डरबन येथे त्यांनी जे विद्यालय उभे करविले ते १९२९ मध्ये सुरू झाले आणि शास्त्री कॉलेज या नावाने ओळखले गेले. ट्रिप्लिकेनचा मुख्याध्यापक राजदूत झाला तेव्हाही शाळाच उभारून परतला. कराराच्या शब्दांत मुदत नव्हती, म्हणून विटांच्या रूपाने काही काम आपल्यादेखत पुरे करून घ्यावे, असा विचार त्यामागे दिसतो.

१९३० व १९३१ च्या लंडनमधील गोलमेज परिषदांना शास्त्री उपस्थित होते. तेजबहादूर सप्रू, मुकुंदराव जयकर व शास्त्री या तिघांनी गांधी आणि व्हाइसरॉय आयर्विन यांच्यात मध्यस्थी केली, आणि ५ मार्च १९३१ रोजी दोघांत करार झाला. त्याआधी, ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी, आयर्विन यांनी वसाहतीचे स्वराज्य हीच १९१७ च्या घोषणेची स्वाभाविक परिणती होय असे जाहीर केले होते. बारा वर्षांत ध्येयाचे नाव अधिक स्पष्ट झाले होते, तारीख मात्र अजूनही आली नव्हती.

१९३५ ते १९४० या काळात शास्त्री चिदंबरम् येथील अण्णामलै विद्यापीठाचे कुलगुरू होते. येथे त्यांच्या भाषाविषयक भूमिकेची दुसरी बाजू पुढे येते. १९४० मध्ये मद्रास सरकारने देशी भाषांतील शास्त्रीय परिभाषेची तत्त्वे ठरविण्यासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीत संस्कृताभिमान्यांचेच प्राबल्य आहे असा तमिळ अभ्यासकांचा आक्षेप होता. तमिळमध्ये रुळलेले संस्कृत शब्द ठेवावेत अशी शिफारस समितीने केली. तिच्याविरुद्ध मोठी चळवळ झाली आणि सरकारला समितीची फेररचना करावी लागली. परक्या भाषेतील सूक्ष्म भेदांचा इतका जाणता मनुष्य आपल्याच प्रांतातील भाषाभिमानाची धग ओळखू शकला नाही, हे मान्य केले पाहिजे. मराठीतही परिभाषेचा वाद संस्कृत, फारसी व देशी शब्दांच्या प्रमाणावरून झाला; पण तमिळमध्ये तो सामाजिक वर्चस्वाच्या प्रश्नाशी अधिक खोलवर जोडला गेला होता. व्याकरणाची शुद्धता आणि भाषिक समाजाची इच्छा या दोन गोष्टी एकरूप नसतात, हा धडा या प्रकरणातून मिळतो.

त्यांच्या इंग्रजी ज्ञानाचा सर्वांत निरलस उपयोग मात्र लोकांच्या नजरेआड झाला. गांधीजींच्या गुजराती आत्मकथेचा महादेव देसाई यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९२७ व १९२९ मध्ये दोन खंडांत निघाला होता. १९४० मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, तेव्हा भाषा तपासून देणाऱ्या एका आदरणीय स्नेह्याचा उल्लेख देसायांनी प्रस्तावनेत केला, पण नाव दिले नाही, कारण नाव प्रकट करावयाचे नाही ही त्या स्नेह्याची अटच होती. ते स्नेही श्रीनिवास शास्त्री होते, हे त्यांच्या निधनानंतर जाहीर झाले. ज्या आंदोलनाच्या पद्धती त्यांना पटल्या नव्हत्या, त्याच्या नेत्याचे आत्मचरित्र त्यांनी ओळ न् ओळ तपासले. आज जगभर वाचल्या जाणाऱ्या त्या इंग्रजी पाठात या व्याकरणज्ञ मित्राचा हात आहे, आणि मतभेद असूनही माणूस किती जवळ येऊ शकतो याचा तो लेखी पुरावा आहे.

आयुष्याच्या अखेरीस शास्त्री मैलापूरला, पुन्हा संस्कृताकडे वळले. १९४४ मध्ये मद्रास संस्कृत कॉलेजात त्यांनी वाल्मीकिरामायणावर तीस व्याख्याने दिली. ती इंग्रजीत होती व त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने निघाली. रामाला मनुष्य म्हणून समजून घेण्यावर त्यांचा भर होता. दिलेला शब्द आणि त्याची पूर्तता हा या कथेचा गाभा, तेव्हा आयुष्यभर शब्दाची पूर्तता मागणाऱ्या माणसाने तिच्याकडे वळावे यात नवल नाही. रामाच्या वनवासाला चौदा वर्षांची मुदत होती आणि भरताने ती मोजली होती.

जानेवारी १९४६ मध्ये गांधीजी मद्रासला आले असता रुग्णशय्येवरील शास्त्र्यांना भेटले. १७ एप्रिल १९४६ रोजी शास्त्री निवर्तले. त्या दिवशी ब्रिटिश मंत्रिमंडळाचे शिष्टमंडळ देशात वाटाघाटी करीत होते. २० फेब्रुवारी १९४७ रोजी पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ च्या आत सत्ता हिंदी लोकांच्या हाती दिली जाईल असे जाहीर केले. १९१७ पासून तीस वर्षे जी मर्यादा वाक्यात नव्हती ती शास्त्र्यांच्या मृत्यूनंतर दहा महिन्यांनी त्यात आली. प्रत्यक्षात सत्तांतर १५ ऑगस्ट १९४७ रोजी, मुदतीच्या आधी, आणि त्यांना अमान्य असलेल्या फाळणीसह झाले.

ही तारीख शास्त्र्यांच्या युक्तिवादामुळे आली असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. लोकांच्या चळवळींनी, तुरुंगवासांनी आणि महायुद्धाने थकलेल्या साम्राज्याच्या असहायतेने ती आणली. नेमस्तांच्या मार्गाची मर्यादा येथेच आहे. शब्दाचा अर्थ कितीही अचूक लावला तरी तो पाळण्याची सक्ती केवळ अर्थ लावल्याने निर्माण होत नाही. परंतु राज्यकर्त्यांच्या वचनात नेमके काय उणे आहे हे ज्यांनी त्यांच्याच भाषेत त्यांना दाखविले, त्यांत शास्त्र्यांचे स्थान फार वरचे आहे. स्वतंत्र देशातील योजना, कायदे व आश्वासने यांच्या भाषेकडे पाहिले तरी ही कसोटी जुनी झालेली नाही. होईल हे क्रियापद सर्वत्र आढळते, अमुक दिवसापर्यंत झालेले असेल हे क्वचित.

चेन्नईच्या मैलापूर भागात लझ येथे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेले ग्रंथालय आहे, आणि त्याच वास्तूतील सभागृहाला श्रीनिवास शास्त्र्यांचे नाव दिलेले आहे. गोखल्यांचे गुरू आणि गोखल्यांचे शिष्य तेथे एका छपराखाली नांदतात. गोखल्यांचे चरित्रही शास्त्र्यांनीच इंग्रजीत लिहिले व ते १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी आणि तमिळ या दोन भाषिक समाजांतील वैचारिक देवघेवीचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा त्यात या त्रयीला स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल, आणि त्या प्रकरणाच्या लेखकाला शास्त्र्यांच्या राजकारणाइतकाच त्यांच्या व्याकरणाचाही अभ्यास करावा लागेल.